चष्मा सापडेपर्यंत

ऑपरेटरबाईंना आवाज दोन होते. एक टेलिफोन एक्स्चेंजमधला, एकतीस वर्षं वापरून मऊसूत झालेला. त्या आवाजात "एक मिनिट हं, जोडून देते" म्हणाल्या की तापलेला माणूसही नरम पडायचा. दुसरा घरचा. त्याला मुलगा लहानपणी सायरन म्हणायचा. दिवसभर परक्यांशी गोड बोलून बाई इतक्या दमत, की घरी पोचेपर्यंत गोडवा संपलेला असे. नवरा होता तोवर त्याने ते हसण्यावारी नेलं. तो वारल्यावर सगळं मुलाच्या वाट्याला आलं. बाहेरच्यांना साखर आणि घरच्यांना मिरची वाटणारी माणसं काही कमी नाहीत, तेव्हा बाईंनाच वेगळं काढून नावं ठेवण्यात अर्थ नाही.

मुलगा पंचविशीचा. नोकरी सोडून घरी बसलेला आणि दिवसभर व्हिडिओ गेममध्ये डोकं घालून. एक दिवस तो अंघोळीला गेल्याचं पाहून बाईंनी त्याचा कॉम्प्युटर भंगारवाल्याला देऊन टाकला. तो ओल्या केसांनी बाहेर आला आणि रिकाम्या टेबलाकडे बघत उभा राहिला.

"आता तरी माणसात ये," बाई म्हणाल्या.

त्याने बॅग भरली आणि गेला. फोन नंबरही बदलला. त्याला आता चौदा महिने झाले होते. पहिले दोन महिने बाई रडल्या, मग रडणंही थांबलं. भाजी निवडायची, पंखा पुसायचा, झोपायचं. दुःख म्हणावं तर तेही धड नाही. दात काढण्याआधी डॉक्टर हिरडी बधिर करतात, तसं सगळंच झालं होतं.

अशात जुन्या सुपरवायझरचा निरोप आला. "बाई, एका कंपनीला बोलायला माणूस हवंय. बसल्या जागी काम. तुमच्याशिवाय दुसरं कोण डोळ्यांसमोर येणार?"

बाई गेल्या. ऑफिसच्या काचेच्या दारावर तीन कानांचा कोल्हा रंगवलेला होता. हाच कोल्हा मुलाच्या खोलीत भिंतीवर चिकटवलेला होता. त्या कागदावरून बाईंनी कितीदा बडबड केली होती. काम काय, हेही न विचारता त्यांनी हो म्हटलं.

काम असं होतं. कंपनीचा नवा गेम यायचा होता, पण त्याची सरळ जाहिरात करायची नव्हती. त्याऐवजी भिंतींवर आणि इंटरनेटवर एक गोष्ट पसरवलेली होती: एक तरुण घर सोडून गेलाय, त्याच्या आईचा हा नंबर. ज्यांना नाद लागेल ते धागेदोरे शोधत फोन करणार. फोनवरची आई म्हणजे बाई. ज्याने आधीची कोडी सोडवली असतील तो म्हणणार, "त्याची निळी वही माझ्याकडे आहे." तसं म्हटलं की बाईंनी यादीतला एक आकडा वाचून दाखवायचा. प्रत्येकाला वेगळा. त्या आकड्याने वेबसाइटवरचं एक दार उघडायचं, आणि आत गेलेल्यांना नवा गेम सगळ्यांआधी मिळायचा.

हे सगळं रचणाऱ्या मुलीला ऑफिसात गोष्टवाली म्हणत. तिने आईच्या उत्तरांची जाड फाईल बाईंपुढे ठेवली.

"नियम एकच. हा खेळ आहे असं जीव गेला तरी कबूल करायचं नाही. लोकांना माहीत असतं, पण आपण म्हटलं की मजा संपली."

अकरा ते पाच फोन वाजत. सतराव्या दिवशी, साडेबाराच्या सुमाराला, पलीकडून "हॅलो. हॅलो," असं दोनदा ऐकू आलं, दुसऱ्यांदा जरा दबकत. बाईंनी मुलाला ओळखलं. त्याने ओळखलं नाही. कसं ओळखणार? हा आवाज त्याला कधी मिळालाच नव्हता.

"काकू, त्याची निळी वही माझ्याकडे आहे."

बाईंचं बोट यादीवर होतं. आकडा दिला की हा पुन्हा फोन करणार नव्हता.

"थांब हं बाळा, चष्माच सापडत नाहीये. उद्या करशील का फोन?"

"करतो की. सावकाश शोधा, काकू."

आपलं काळीज धडधडेल असं बाईंना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. त्यांनी पुढचा फोन घेतला.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तो हजर. "सापडला?"

"कुठे रे, मेला दिसतच नाहीये. तू जेवलास का?"

फाईलमध्ये हा प्रश्न होता, त्यामुळे विचारायला हरकत नव्हती. मग रोज थोडं थोडं कळत गेलं. गोदामात खोकी भरायचं काम करतो. दोघांबरोबर खोलीत राहतो, त्यातला एक घोरतो. मागच्या आठवड्यात ताप होता, आता बरा आहे. बाईंनी सगळं फाईलच्या समासात पेन्सिलने लिहून ठेवलं. सहाव्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की साडेबारा वाजत आले की आपण केस सारखे करतो. फोनवर कोणाला दिसणार होते?

इकडे खेळणाऱ्यांमध्ये कुजबुज सुरू झाली, की एका मुलाच्या फोनवर आईला चष्मा सापडत नाही, म्हणजे यात नक्की काहीतरी दडलंय. चाळीस पानं चर्चा झाली. काही जण चष्म्याच्या दुकानांत जाऊन हरवलेला चष्मा मागू लागले. एका दुकानदाराने वैतागून पाटी लावली, 'आमचा कोणाच्याही आईशी संबंध नाही.' त्या पाटीतही लोकांना खूण दिसली. कंपनी मात्र बेहद्द खूश झाली.

गुरुवारी गोष्टवालीने फोनची नोंद उघडली. "बाई, चष्म्याची आयडिया झकास आहे. पण हा पोरगा दहा दिवस लटकलाय. उद्या पाचला दार बंद होणार. द्या बिचाऱ्याला आकडा."

"देते," बाई म्हणाल्या.

शुक्रवारी तो आला तेव्हा आवाज उतरलेला होता. "काकू, आज शेवटचा दिवस. रोज जेवणाच्या सुट्टीत फोन करतोय. माझे सगळे मित्र आत गेले. सापडला का हो?"

'मी आहे रे,' असं बाईंच्या ओठांवर आलं. पण कुठल्या आवाजात? ह्या आवाजात म्हटलं तर त्याला ती पुढची खूण वाटणार. त्या आवाजात म्हटलं तर ओळखणार, आणि फोन ठेवून देणार. बाईंनी आकडा वाचला. एकेक अंक सुटा, स्पष्ट, एक्स्चेंजमध्ये वाचत तसा.

तो आनंदाने ओरडलाच. मग म्हणाला, "काकू, राग मानू नका, पण तुमच्या गोष्टीत एक चूक आहे."

"कुठली रे?"

"तुमचा मुलगा घर सोडून गेला हे काही पटत नाही. रोज जेवलास का विचारता, ताप परत तर नाही ना आला, विचारता. अशा आईला सोडून कोण जाईल? मी तर नसतो गेलो."

चौदा महिन्यांत पहिल्यांदा बाईंना दुखलं. दारात बोट सापडावं तसं, साधं आणि खणखणीत. त्यांनी फाईलचं एक पान उलटलं, मग दुसरं.

"चला, सुट्टी संपली," तो म्हणाला. "काळजी घ्या." फोन बंद झाला.

गोष्टवाली शेजारच्या टेबलावर हेडफोन लावून ऐकत होती. ती हसली. "पोरगं हुशार आहे. मी आधी आई खाष्टच लिहिली होती. म्हणून तर मुलगा जातो ना! पण तुमचा आवाज ऐकला आणि सगळं बदललं. अशा आवाजाच्या बाईला खाष्ट कसं करणार?"

"करता येतं," बाई म्हणाल्या, आणि वाजणारा फोन उचलला.