कोर्सबाई

आमच्या सिस्टरना माणसापेक्षा रिकाम्या पाकिटाची ओढ जास्त. घरी आल्या की आपण बसायला चटई टाकावी, तर त्या उभ्याउभ्याच हात पुढे करणार, "पाकीट दाखवा." मग गोळ्या संपलेलं ते पाकीट खिडकीकडे धरून एकेक फुटलेला खळगा बोटानं चाचपायच्या. मास्तरणीनं गृहपाठ तपासावा तसं. एखादी गोळी आत शिल्लक दिसली की चष्म्यावरून अशा बघायच्या, की न केलेला गुन्हाही माणसानं कबूल करावा.

डोळखांबच्या वरच्या अंगाला आमची वाडी. खाली रस्त्याला उपकेंद्र, तिथल्या या नर्स. माहेर मुरबाडकडचं, म्हशाजवळचं. अंगानं एवढ्याशा, पण स्कूटी अशी चालवायच्या की वाडीतल्या कोंबड्याही आवाज ओळखून बाजूला व्हायच्या. नाव चांगलं होतं त्यांचं, पण सगळे म्हणायचे कोर्सबाई. आणि ते नाव पडलं माझ्यामुळे.

झालं काय, मला लघवीची जळजळ होती. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. सिस्टर मला सांगत होत्या, मावशी, कोर्स पूर्ण करायचा बरं का. आता कोर्स म्हणजे मला ठाऊक दोनच, एक शिवणाचा आणि एक कॉम्प्युटरचा. मी म्हटलं, "या वयात कसला कोर्स करू बाय? मना चष्म्याशिवाय सुई दिसत नाय." त्या हसता हसता ओट्यावरच बसल्या. मग नीट सांगितलं, की डॉक्टरांनी जितके दिवस लिहिलेत तितके दिवस, ठरल्या वेळेला गोळी घ्यायची, मधेच बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं सोडायची नाही. त्याला कोर्स म्हणतात. ही गोष्ट मी पाणवठ्यावर सांगितली आणि संध्याकाळपर्यंत बाईंचं बारसं झालं.

बोलायच्या मात्र आमच्यासारखंच. कुणी विचारलं, बरं वाटल्यावर कशाला गोळ्या गिळायच्या, तर म्हणायच्या, "भाताची बेणणी अर्धी सोडून घरी येता का? उरलेलं तण मग कसं माजतं? जंतूंचं तसंच. अर्धे मेले, उरलेले शहाणे झाले. पुढच्या वेळी त्या गोळीला ते जुमानत नाहीत." मी एकदा श्रावणी सोमवारी गोळी चुकवली. उपास होता. त्यावर म्हणाल्या, "उपास तुमचा आहे मावशी, जंतूंचा नाही. ते सोमवारीही जेवतात." उपासाला काय खाऊन गोळी घ्यायची तेही मग सांगितलं. देवाला मधे आणलं नाही त्यांनी, आणि देवही काही बोलला नाही.

पण आमच्या वाडीची एक खोड आहे. आमच्याकडे वानोळा दिल्याशिवाय घास उतरत नाही. वालाच्या पहिल्या शेंगा आल्या, दे शेजारी. नाचणी निघाली, दे सूपभर जावेला. तसंच गोळ्यांचं. मला गुण आला, मग तुलाही येईल, घे गो दोन. सिस्टर यावर फार चिडायच्या. वैशाख पौर्णिमेला त्या स्वतः डबाभर खीर घेऊन यायच्या, अख्ख्या वाडीला वाटायच्या आणि वाटतानाच सांगायच्या, "वाटायची तर खीर वाटा, गोळी वाटू नका. तुमची ती तुमचीच." आम्ही खीर खायचो आणि माना डोलवायचो.

मग एका कापणीला माझ्या पोटरीला विळा लागला. जखम पिकली. सात दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. चौथ्या दिवशी ठणका थांबला, आणि मी, जिच्यामुळे बाईंचं नाव पडलं ती मी, गोळ्या बंद करून उरलेलं पाकीट सुपारीच्या डब्यात ठेवलं. असू दे, कुणाला लागतील. सिस्टर आल्या, पाकीट मागितलं. मी म्हटलं, संपल्या गोळ्या, पाकीट चुलीत गेलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि स्कूटीला किल्ली लावली.

महिना-दीड महिन्यानं म्हशाची जत्रा आली. माझी धाकटी जाऊ सुमन, तिला जत्रेचं वेड. नेमकी तेव्हाच सर्दीनं अंग मोडून निजलेली, नाक चोंदलेलं, डोळ्यांत पाणी. मला दया आली. डब्यातून एक गोळी काढून दिली, म्हटलं, घे, पावरची आहे, दुपारपर्यंत उभी राहशील.

अर्धा तास झाला नसेल. सुमनच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजून दुप्पट झाले, श्वासाला घरघर लागली. माझ्या दिरानं सिस्टरना फोन केला. तोवर सासूबाईंनी मिरच्या ओवाळल्या. कुणी म्हणालं नजर, कुणी म्हणालं सकाळची सुकट बाधली.

स्कूटी दारात टाकून सिस्टर आत आल्या. विचारलं, हिनं काय खाल्लं? सगळे एका आवाजात सुकट म्हणाले. सिस्टरनी पुन्हा विचारलं, आणखी काही? औषध, गोळी? दीर म्हणाला, नाही. मी सुमनच्या पायथ्याशी उभी. खरं सांगावं तर दिरासमोर तोंड कुठं लपवू, आणि पाकीट चुलीत गेल्याचं खोटंही उघडं पडणार. सुमनला बोलता येत नव्हतं. तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं.

"मी दिली," मी म्हटलं. "माजीच गोळी. ती पायाची."

सिस्टरनी रागावायला एक क्षण घालवला नाही. "पाकीट आणा," एवढंच. नाव वाचलं, डॉक्टरांना फोन लावला, त्यांच्याशी बोलत बोलतच सुमनच्या मांडीत इंजेक्शन दिलं. गाडी आली तशी शहापूरच्या सरकारी दवाखान्यापर्यंत तिच्या उशाशी बसून गेल्या. वाटेतच श्वास मोकळा झाला म्हणे. तिसऱ्या दिवशी सुमन घरी आली. जत्रेची खेळणी-मिठाई शेजाऱ्यांनी आणून दिली होती, त्यातला खाजा तिनं पहिल्यांदा माझ्याच हातावर ठेवला. मी तो पदराला बांधून ठेवला.

माझ्या पोटरीलाही पुन्हा लाली धरली होती, तेही तेव्हाच उघडं पडलं. डॉक्टरांनी तपासून दुसऱ्या गोळ्या दिल्या. या वेळी रिकामं पाकीट मी स्वतः चालत उपकेंद्रात नेऊन दाखवलं. सिस्टरनी मला बोल लावला नाही. सुमनसाठी एक चिठ्ठी लिहिली, मोठ्या अक्षरात, 'मला हे औषध चालत नाही', खाली औषधाचं नाव. दवाखाना कुठलाही असो, आधी ही दाखवायची, असं तिला बजावलं.

पुढं त्या निवृत्त झाल्या आणि मुलाकडे नाशिकला गेल्या. निरोपाच्या दिवशी मी ओटी भरली. माफी मागायची होती, पण मी ओटीतला नारळच सारखा करत बसले. त्यांनीच माझा हात दाबला. म्हणाल्या, "चूक सगळेच करतात मावशी. विचारल्यावर बोलत कुणी नाही. तुम्ही बोललात."

परवा सुमनची दाढ सुजली म्हणून आम्ही दोघी मुरबाडला गेलो. दातांचे डॉक्टर तरुण होते. औषध लिहू लागले तशी सुमननं कमरेच्या बटव्यातून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. प्लास्टिकमध्ये घातलेली, तरी अक्षर पुसट झालेलं. डॉक्टरांनी वाचली, लिहिलेल्यातलं एक नाव खोडलं, दुसरं घातलं. मग सहज विचारलं, "हे औषध तुम्हाला चालत नाही हे कळलं कसं?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले. सांगणार आता, म्हटलं. तिला हक्कच आहे.

सुमननं सुजलेला गाल हातानं सावरला. "माजी जाव वेळेला खरं बोलली," ती म्हणाली, "म्हनून."

डॉक्टरांना त्यातलं काही उमगलं नाही. सुमननं चिठ्ठी बटव्यात ठेवली, आणि जिना उतरताना, दुखणं तिचं असून, हात माझा धरला.