आठ दिवसांच्या आत

नॉर्वेच्या त्या खाडीकाठी सतरा घरं होती, आणि सतराही घरांतली बाळं रॅग्नफ्रिडच्या कुशीतून चर्चला गेलेली. चर्च खाडीच्या तोंडाशी, चार तास वल्हवायचं. बाळंतीण सहा आठवडे चर्चची पायरी चढायची नाही, आणि बाळाचा बाप्तिस्मा तर आठ दिवसांच्या आत व्हायलाच हवा. म्हणजे आईवाचून बाळ न्यायला कुणीतरी हवंच. रॅग्नफ्रिड एकटी होती, धिप्पाड होती, तिला बोट लागत नसे. मेंढीच्या कातड्यात बाळ गुंडाळून ती बसली की बायका म्हणायच्या, "हिच्याकडे दिलं म्हणजे पाळण्यातच आहे असं समजा." ते तिला आवडायचं. चेहऱ्यावर मात्र ती दाखवायची नाही.

एका हिवाळ्यात वाऱ्याचा रंग बघून तिने एका बाळाला घरीच बाप्तिस्म्याचं पाणी घातलं. बाळ जगणार नसेल तर तसं कुणीही करावं, अशी मुभा होती. पण ते बाळ चांगलं गुटगुटीत निघालं. पुढच्या रविवारी पाद्र्याने तिला सगळ्यांसमोर उभं केलं.

"मरायला टेकलेल्या बाळाला असे गाल असतात होय? की वाऱ्याला तूच भ्यालीस, रॅग्नफ्रिड?"

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. ते हसू तिने वर्षभर मनात जपलं.

मग तिच्या धाकट्या बहिणीला, सुनिवाला, मुलगी झाली. सहा दिवस बर्फाचं वादळ. सातव्या दिवशी वारा पडला, थंडी मात्र हाडात शिरत होती.

"ताई, घरीच घाल पाणी," सुनिवा म्हणाली. "तुला शब्द पाठ आहेत."

"पोरगी दणकून दूध पितेय. तिला आजारी कशी म्हणू?"

"खोटं बोल. माझ्यासाठी."

"तुला बोलायला काय जातंय. चर्चमध्ये उभं मला करतात."

सुनिवाचा नवरा आस्लाक दाराशी बूट चढवत होता. "तुमचं भांडण उरकलं की सांगा," तो म्हणाला, "दिवस लहान आहे."

सुनिवाने बाळाला पाजलं, दुधात भिजवलेली चिंधी सोबत बांधली आणि पोर बहिणीच्या हातात दिली. कुणाकडे न बघता भिंतीकडे तोंड करून निजली.

दोघं चर्चमध्ये पोचली तर पाद्री मयताला गेलेला. दोन तास दगडी भिंतीशी बसावं लागलं. पाद्री आल्यावर बाप्तिस्म्याच्या कुंडातल्या पाण्यावरचा बर्फ आस्लाकने मुठीने फोडला. दुपटी सोडली, डोक्यावर तीनदा पाणी पडलं, पोर किंचाळली. नाव ठेवलं आस्त्री.

"पाहिलंस?" पाद्री म्हणाला. "मनात असलं की येता येतं."

खरं सांगायचं तर त्या घडीला रॅग्नफ्रिड सुखावली. पोर थरथरत होती, आणि ही मागच्या बाकांकडे बघत होती.

परतीच्या वाटेवर पोर खोकू लागली. तिसऱ्या दिवशी गेली. बाप्तिस्मा झालेला आहे, आईने समाधान मानावं, असा पाद्र्याचा निरोप आला. सुनिवाने बहिणीला दोष दिला नाही. तिने बोलणंच सोडलं. झऱ्यावर दोघी समोरासमोर आल्या की ती बादली अर्धीच भरून निघून जायची.

पुढच्या हिवाळ्यात शेजारचा तोर्लाइव आला. बाळ न्यायचं होतं.

"नेणार नाही," रॅग्नफ्रिड म्हणाली. "तुझ्या चुलीपाशी बसून पाणी घालते. पाद्र्याला माझं नाव सांग."

"आमचं बाळ ठणठणीत आहे, बाई. तो चिडेल."

"चिडू दे. मी राहीन उभी."

तोर्लाइव टोपी हातात फिरवत राहिला. "तुमची हिंमत गेली असं लोक म्हणत होते," तो म्हणाला. "मी म्हटलं, ती नाही त्यातली."

हिंमत नव्हती म्हणूनच आस्त्रीला नेलं, हे तिच्या ओठांवर आलं होतं. ते सुनिवाला द्यायचं राहिलं होतं. याला देऊन काय उपयोग, म्हणून तिने गिळलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच नाव सुटली. तोर्लाइवची मेहुणी गुरो, सतरा वर्षांची, बाळ पोटाशी धरून बसली होती. काठावरच्या बायका म्हणाल्या, पोरगी काय ताठ बसलीय बघा. गुरोने ते ऐकलं आणि आणखी ताठ झाली.