बिलावरची कच्ची केळी

नेपाळला समुद्र नाही हे मला भूगोलाच्या पुस्तकाच्या आधी आबांनी सांगितलं. आबा म्हणजे माझे वडील. आमचं गाव शिंदखेडा तालुक्यात. आबांनी उभं आयुष्य ट्रक चालवला आणि त्यातली बरीचशी वर्षं जळगावकडची केळी नेपाळात पोचवण्यात घालवली.

मी तिसरी-चौथीत असेन. अंगणात बाजेवर बसून ते मला समजावत होते, की त्या देशाला बंदर नाही, जहाज नाही, जे काही यायचं-जायचं ते दुसऱ्याच्या मुलखातून, रस्त्यानं. शेवटी म्हणाले, "आमनी गाडीच त्यासनी बोट शे." आईनं चुलीपासूनच विचारलं, की आपल्याला तरी कुठे आहे समुद्र. आमच्या घरात तोवर कुणीच समुद्र पाहिलेला नव्हता.

त्या काळी आबा पंधरा-पंधरा दिवस घरी नसायचे. गावातल्या किराणा दुकानात फोन होता, तिथे त्यांचा निरोप यायचा: लाईनमध्ये आहे. दुसऱ्या दिवशीही तोच, तिसऱ्या दिवशीही तोच. पुष्कळ वर्षं मला वाटायचं की लाईन हे नेपाळातलं एखादं गाव असावं, एरंडोलसारखं मोठं, बाजार-बिजार असलेलं, आणि आबांना तिथे करमतं म्हणून ते निघत नाहीत. ती लाईन म्हणजे हद्दीवरच्या नाक्यासमोर उभ्या राहिलेल्या ट्रकांची रांग, हे मला फार उशिरा कळलं.

पण आबा त्या लाईनचं वर्णन करायचे ते गावासारखंच. कुणी पंजाबचा, कुणी बिहारचा, कुणी हरियाणाचा. ट्रकच्या सावलीत स्टोव्ह पेटायचा. आबा खानदेशी वांग्याचं भरीत करायचे आणि चार गाड्यांना पुरवायचे. बिहारच्या एका ड्रायव्हरबरोबर त्यांचं वर्षानुवर्षं भांडण होतं, की कणकेच्या गोळ्यांत त्याची लिट्टी आधीची की आपली बट्टी. दोघंही एकमेकांचं खायचे आणि दोघंही म्हणायचे, आमच्या घरचं खाल तर हे विसराल. परत येताना आबा तिकडच्या नूडल्सची पाकिटं आणायचे. आम्ही भावंडं ती न शिजवता, वाळल्या शेवयांसारखी कुडुम-कुडुम खायचो. नेपाळ म्हणजे तीच चव, असं माझ्या जिभेला अजून वाटतं.

पुढे मी धुळ्याला कॉलेज केलं. बी. कॉम. झाले. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली, आणि हे मी आजही कुणी न विचारता सांगते.

ज्यांची केळी आबा नेपाळला न्यायचे ते जळगावचे व्यापारी. त्यांना सगळे नाना म्हणत. नानांकडे कागद करणारे कारकून थकले होते, त्यांना अक्षर दिसेना. आबांनी माझं नाव पुढे केलं. नाना म्हणाले, पोरगी नवीन आहे, नेपाळचे कागद किचकट, एकात चूक झाली तर माल नाक्यावर पिकतो. त्यावर आबा जे बोलले ते नानांनी मला पुढे दहा वेळा ऐकवलं.

"मनी आंडेर करी कागद. तिना कागदवर पहिली गाडी मीच लई जासू."

आंडेर म्हणजे लेक. आणि गाडी अडली तर, असं नानांनी विचारलं. आबा म्हणाले, तर माझं नाव बदलून टाका. त्या नावाला वजन होतं. एवढ्या वर्षांत आबांची गाडी लाईनमध्ये कितीही थांबली असेल, पण कागदासाठी एकदाही अडलेली नव्हती.

केळीचं एक आहे. लांबच्या प्रवासाला ती हिरवी, टणकच भरायची आणि हिरवीच उतरवायची. पिकवायची ती तिकडच्या वखारीत, तिकडच्या हिशोबानं. वाटेत पिवळी पडली तर तो माल कुणी घेत नाही, कारण पिकलेली केळी दुसरा प्रवास करू शकत नाहीत. म्हणून मळ्यापासून ट्रकपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द: कच्ची. कच्चा माल आला का, कच्चा माल भरला का. भरणारे तेच म्हणत, नाना तेच म्हणत, मीही तेच ऐकत आले होते.

जुन्या कारकुनांच्या बिलांवर इंग्रजीत नुसतं 'फ्रेश बनाना' असायचं. मला ते ढिसाळ वाटलं. ताजी तर पिकलेलीही असतात. बिलावर माल जसा आहे तसा लिहायला हवा, हे मी कॉलेजात शिकून आले होते. मी लिहिलं 'रॉ बनाना'. मला स्वतःचं कौतुकच वाटलं. नानांना वाचून दाखवलं, म्हणजे कच्ची केळी. नाना म्हणाले, हो मग, कच्चीच तर आहेत, आणि सही केली.

नशिराबादच्या अलीकडे महामार्गालगत आबांचा ट्रक भरून उभा होता. जळगावहून मी स्वतः कागदांची पिशवी घेऊन गेले. बिल, माल ट्रकमध्ये भरल्याची पावती म्हणजे बिल्टी, आणि पिकाला कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला, असे तीन मुख्य कागद. आबांनी पिशवी कपाळाला लावली आणि सीटच्या मागे ठेवली. त्यांच्या जोडीच्या ड्रायव्हरनं विचारलं, काय आबा, आज फार तोऱ्यात. आबा नुसते हसले.

चौथ्या दिवशी हद्दीवर आमचे कागद पास करून घेणाऱ्या एजंटाचा फोन आला. तो उत्तर प्रदेशचा, फार सभ्य माणूस. आवाज न चढवता त्यानं विचारलं, "दीदी, आपने फल भेजा है कि सब्ज़ी?"

मी म्हणाले फळ. तो म्हणाला, मग बिलावर भाजी का लिहिली. मला कळेचना. त्यानं समजावलं. 'रॉ बनाना' म्हणजे हिंदीतला 'कच्चा केला', आणि 'कच्चा केला' म्हणजे भाजीचं केळं, हे तिकडे शेंबडं पोरही सांगेल. त्याची जात वेगळी, परवानगी वेगळी. आपल्या सरकारी दाखल्यावर ताजं फळ, बिलावर भाजी. दोन कागद एकमेकांना खोटं पाडतायत, तर नाक्यावरचा साहेब गाडी सोडणार कशी. त्याचंही बरोबर होतं. आमच्या शिंदखेड्याकडे कच्च्या केळ्याची भाजी मी कधी खाल्लेली नव्हती. मला कच्चं या शब्दाचा एकच अर्थ माहीत होता, मळ्यातला.

नवं बिल लागणार होतं, आणि तेव्हा पडद्यावरचं किंवा छापून काढलेलं चालत नसे. मूळ कागद, शाईची सही, गोल शिक्का. नाना म्हणाले कुरिअर करू. कुरिअरला तीन दिवस, कधी चार. तिकडे ऊन असं होतं, की एजंट म्हणाला, ताडपत्रीच्या आत हात घातला तर भट्टीसारखं लागतंय. केळी तीन दिवस थांबणार नव्हती. आणि आबांचं नाव त्या केळ्यांवर होतं.

मी बिल नव्यानं टाइप केलं, 'रॉ'च्या जागी पुन्हा 'फ्रेश' घातलं, नानांची सही घेतली, शिक्का मारला आणि म्हणाले, मी घेऊन जाते. जळगावहून गोरखपूरला रेल्वे आहे, पुढे बस. नाना म्हणाले, एकटी पोरगी, एवढ्या लांब, भाषा वेगळी. मी म्हणाले, त्या टोकाला माझा बाप उभा आहे. नानांच्या घरून मला चार पोळ्या आणि ठेचा बांधून आला.

त्या प्रवासात मी बिल किती वेळा काढून वाचलं, देव जाणे. समोरच्या बाईला वाटलं नोकरीचं पत्र असावं. तिनं अभिनंदन केलं. मी नाकारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बसमधून उतरले आणि मला लाईन दिसली. लहानपणी ज्याला मी गाव समजत होते ते. नजर पोचेल तिथवर ट्रक, खाली पसरलेल्या सतरंज्या, दोरीवर वाळणारे गमछे, पत्त्यांचे डाव, कांदा परतल्याचा वास. खरंच गावासारखं होतं. कुठे काय असेल हे मला न विचारता कळत गेलं, इतकं ते आबांच्या तोंडून ऐकलं होतं.

आबांनी ट्रक रांगेबाहेर काढून एका पिंपळाखाली लावला होता. वर चढून ताडपत्रीच्या कडा उचलून बांधल्या होत्या, वारा जावा म्हणून, आणि ओली पोती टाकत होते. मला बघून सावकाश खाली उतरले. कागद आणला का, हे विचारलंच नाही.

"जेवनी का?"

मी हो म्हणाले आणि मला रडू आलं. ते म्हणाले, रडायला काय झालं, आधी काम. एजंट बिल घेऊन आत गेला. आम्ही टपरीवर चहा घेतला. चहा अजून गरम होता तोवर तो परत आला. दाखल्याला बिल जुळलं, शिक्का पडला. इतक्या दिवसांची अडचण आणि सुटायला एवढाच वेळ. मला आनंद व्हायच्या ऐवजी राग आला, पण कुणावर काढायचा तेही कळेना, कारण चूक माझीच होती.

एजंटानं ताडपत्री उचलून बघितलं. वरच्या थरातल्या काही फण्या पिवळ्या पडायला लागल्या होत्या, बाकी माल हिरवागार. त्यानं पलीकडच्या वखारवाल्याला तिथूनच फोन लावला. वखारवाला म्हणाला, पिवळ्या काढून ठेवा, बाकीचं आणा. आबांनी त्या पिवळ्या फण्या लाईनमध्ये वाटून टाकल्या. बिहारचा तो लिट्टीवाला भेटला. केळं सोलत तो मला म्हणाला, की तुझ्या बापाचं नाव आज बदलायचं होतं म्हणे, आम्ही चांगलं नाव शोधूनसुद्धा ठेवलं होतं. म्हणजे आबांनी लाईनभर सांगितलेलं होतं.

ट्रक निघायच्या आधी आबा पायरीवर बसले आणि कागदांची पिशवी माझ्याकडे दिली.

"आते वाची दखाड. काय लिखेल शे?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षं हा माणूस हे कागद देशाच्या हद्दीपर्यंत वाहत होता आणि त्यातलं एक अक्षर त्याला वाचता येत नव्हतं. निळा गोल शिक्का म्हणजे बिल, लाल चौकोनी म्हणजे दाखला, एवढ्यावर त्यांचं चाललेलं. मी पहिल्यापासून वाचलं. कोण पाठवतं, कुणाला, किती फण्या, कुठल्या शिवारातल्या. मालाच्या नावापाशी त्यांनी थांबवलं. आधी काय होतं, आता काय आहे, ते विचारलं. मी सांगितलं.

"दोन शब्दना साठे तू इतली दूर उनी?"

"एकच, आबा. बनाना बरोबर होतं."

ते इतके हसले की जोडीचा ड्रायव्हर काय झालं म्हणून वाकून बघायला लागला. मग त्यांनी गाडी चालू केली. गाडी फाटकातून पलीकडे जाईपर्यंत मी उभी होते.

त्यानंतर आबांनी नियमच केला. निघण्याआधी मी त्यांना सगळे कागद वाचून दाखवायचे, मोठ्यानं, मराठीत अर्थ सांगून. ते मध्येमध्ये अडवायचे. तिकडे याला असं म्हणत नाहीत, हा शब्द तिकडच्या साहेबाला कळणार नाही. बघता बघता बाकीचे ड्रायव्हरही ऐकायला उभे राहू लागले. नाना म्हणायचे, झाली का तुमची पोथी. पण एकाही ट्रकला वाचल्याशिवाय जाऊ द्यायचे नाहीत.

आता मी त्या कामात जुनी झाले आहे. केळी खोक्यांतून जातात. दोंडाईच्याची मिरची, जळगावची डाळ, पाइप, सगळ्यांचे कागद माझ्याकडून निघतात. ट्रक बऱ्हाणपूर ओलांडत नाही तोवर कागद कॉम्प्युटरमधून नाक्यावर पोचलेला असतो. चूक असेल तर इथेच खुर्चीत बसून दुरुस्त होते. ट्रक आता पूर्वीसारखे दिवसच्या दिवस थांबत नाहीत, त्यामुळे भरीत करायला कुणाला वेळ नाही. मला ती लाईन परत नको आहे. ज्यांच्या घरी फोनची वाट बघितली जायची त्यांना विचारा. पण पिंपळाखालची ती दुपार मात्र मला कुणी परत दिली तर मी घेईन.

आबा आता गावीच असतात. आठवड्यातून एकदा तरी फोन करून विचारतात, आज काय भरलं. मी स्क्रीनवरचं वाचून दाखवते. परवा दोंडाईच्याच्या मिरचीचा ट्रक होता. मी वाचलं, 'ड्राय रेड चिली', म्हणजे सुकी लाल मिरची.

आबा म्हणाले, "सुकी का वाळेल?"

मी म्हणाले, दोन्ही एकच. आबांना ते पटलं नाही.

"तठे काय म्हनतस ते इचार पहिले."

मी त्यांना थांबायला सांगितलं आणि दुसऱ्या फोनवरून नाक्यावरच्या माणसाला फोन लावला.