ताईची थायरॉइडची गोळी आणि माझी शिस्त

मला अजून खरं वाटत नाही, म्हणून लिहून काढतेय. माझी ताई मरता मरता वाचली, आणि तिला तिथवर नेण्यात माझा हात होता. रोज पहाटे साडेपाचला. पाण्याचा पेला आणि एक बारीकशी गोळी घेऊन! गोळी कसली, तर थायरॉइडची. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका घेतात ती.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. सासर जळगावला. दर उन्हाळ्यात धुळ्याला येते, आमच्या देवपूरच्या घरी, पण आराम करायला नाही, पापड-कुरडया करायला. आमच्याकडे हे काम एकटीनं होत नाही, आज हिच्या गच्चीवर, उद्या तिच्या. आणि कुरडयांचा चीक शिजत आला की मीठ बघायचं काम ताईचं. चमचाभर गरम चीक जिभेवर ठेवून ती "बस" म्हणाली की बस. मग आईसुद्धा त्यात हात घालत नाही.

या वर्षी ती एसटीतून उतरली आणि मी बघतच राहिले. एवढी बारीक! आणि काळी. म्हणजे आम्ही काही गोऱ्यापान नाही, पण ही वेगळीच काळी होती, कोपरं, बोटांचे सांधे, ओठसुद्धा.

शेजारच्या अक्का दारातच म्हणाल्या, "कितली काळी पडनी व तू! सासू उन्हमा उभी करस का काय?"

"अक्का, बारीक झाले ते नाही का दिसलं?"

"ते बी दिसनं. तेनाकरताच तं जळी राहिनू मी!"

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि वर डाएट विचारलं. देवा!

ताई म्हणाली, डाएट कसलं, महिनोन् महिने थकवा होता, शेवटी जळगावला रक्त तपासलं, थायरॉइडचं टीएसएच थोडं वाढलेलं निघालं, दहा दिवसांपासून गोळी चालू आहे. "पण मी विसरते गं." झालं, मी लगेच मोबाईलमध्ये अलार्म लावला. उपाशीपोटी गोळी, मग चहासाठी तास-दीड तास थांबायचं, सगळं मी वाचून ठेवलेलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आज राहू दे ना. ही घेतल्यापासून मी जास्तच गळून जातेय."

"असं नसतं, ताई. अंगी लागायला वेळ लागतो. घे."

तिनं घेतली. हे वाक्य मी आता विसरूच शकत नाही.

त्यात कुरडयांचा दिवस आला. ताईनं चीक चाखला, "मीठ कमी आहे." टाकलं. पुन्हा चाखला, "अजून कमीच." पुन्हा टाकलं. तिसऱ्यांदाही! तिच्यापुढे कोण बोलणार? वाळल्यावर अक्कांनी एक तळून तोंडात टाकली आणि जवळजवळ थुंकलीच. "व माय! बठ्ठ्या खाऱ्या व्हई ग्यात!" दोन मोठे डबे, सगळेच खारट. ताई मात्र तीच कुरडई मजेत खात बसलेली. नंतर आईनं तिला स्वयंपाकघरात पकडलं, तळहातावर मीठ घेऊन चाटत होती. लहान पोरासारखी! आई घाबरली, बीपी वाढेल म्हणून मिठाची बरणीच कपाटात ठेवली आणि ताईला अळणी वाढायला लागली. मी म्हटलं, बरोबर केलंस.

दोन दिवसांत ताईला उलट्या सुरू झाल्या. आम्हाला वाटलं, ऊन लागलं. सकाळी उठवलं तर डोळे नीट उघडेनात, तरी मी गोळी दिली. खरंच दिली. ती मोरीकडे जायला उठली आणि ओट्याला धरता धरता खालीच बसली, मग आडवी झाली. हात थंडगार. बाहेर मे महिन्याचं ऊन आणि हिचे हात थंडगार!

रिक्षानं पांझरेच्या पुलावरून पलीकडे दवाखान्यात नेलं. सिस्टरनं बीपी दोनदा मोजलं, मग पळतच डॉक्टरांना बोलवायला गेली.

"बीपी फारच कमी आहे," डॉक्टर म्हणाले.

आई म्हणाली, "कमी? अहो, वाढू नये म्हणून तर आम्ही मीठ बंद केलं!"

डॉक्टर गर्रकन वळले. "मीठ बंद का केलं?"

आईनं ताईच्या मीठ चाटण्याचं सांगितलं. त्यांनी ताईचा हात उघडला, तळव्यावरच्या रेषा शाईनं काढल्यासारख्या काळ्या. ओठ वर केला, हिरड्यांवर डाग. मग विचारलं, गोळ्या कुठल्या चालू आहेत?

"थायरॉइडची," मी पुढे होऊन सांगितलं. "एक दिवस चुकू दिली नाही मी."

ते शाबास म्हणाले नाहीत. सिस्टरला म्हणाले, कॉर्टिसोलसाठी रक्त घ्या, पण रिपोर्टची वाट बघू नका, सलाईन लावा, स्टेरॉइडचं इंजेक्शन आत्ता.

संध्याकाळी ताईनं डोळे उघडले, "भूक लागली" म्हणाली, तेव्हा डॉक्टर जरा निवांत बोलले. किडनीच्या वर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात, ॲड्रिनल. ताईच्या त्या जवळपास बंद पडल्यात. त्यांच्यातूनच कॉर्टिसोल, म्हणजे ताण झेलायचं हार्मोन, येतं, शरीरातलं मीठही त्याच सांभाळतात. म्हणून ती मीठ मागत होती, आणि त्यांना जागं करायला मेंदू जे हार्मोन सोडतो त्यानं काळी पडली होती.

"मग थायरॉइडच्या गोळीनं काय झालं?" मी विचारलं.

"शेती आहे का तुमची? विहिरीत हातभर पाणी उरलंय आणि तुम्ही वर मोठी मोटर बसवली, तर? थायरॉइडच्या गोळीनं अंगातलं काम जोरात सुरू होतं, कॉर्टिसोल भराभर संपतं. इथं ते होतंच कुठे? अशा पेशंटला आधी स्टेरॉइड, म्हणजे तेच कॉर्टिसोल, द्यायचं. थायरॉइडचं नंतर बघायचं."

आणि वर आम्ही मीठ बंद केलं. आई पदर तोंडाला लावून बसलेली. डॉक्टर म्हणाले, टीएसएच वाढलेलं दिसलं की कुणीही गोळी देईल, स्वतःला दोष देऊ नका. पण मी तर रोज द्यायचे ना!

खरा धक्का पुढेच होता. ताई जळगावला गेली, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू, थायरॉइडची बंद. अडीच महिन्यांनी तिचा रिपोर्ट मोबाईलवर आला. टीएसएच नॉर्मल! गोळीशिवाय! मी तिथल्या तिथे फोन लावला.

"ताई, थायरॉइड कुठे गेला?"

"नव्हताच म्हणे. कॉर्टिसोल कमी असलं तर टीएसएच तेवढं वाढू शकतं. ते भरून निघालं, हे उतरलं."

म्हणजे जो आजार नव्हताच, त्याची गोळी मी तिला मारून मुटकून गिळायला लावत होते! मी ओढणीनं नाक पुसलं.

"रडतेस का गं?"

"तू सांगितलं होतंस मला. गळून जातेय म्हणून."

"हो. आणि तू मला लेक्चर दिलंस." मग म्हणाली, "असू दे. मलाही तेव्हा पटलं होतं."

स्टेरॉइडच्या गोळ्या तिला जन्मभर घ्यायच्यात. ताप आला की जास्त, आणि बुडवायच्या तर अजिबात नाहीत. त्यावर मला पटकन काहीतरी सांगायचं होतं, वाचलेलं बरंच होतं. पण मी म्हटलं, "आता कसं वाटतंय? नीट सांग."

ती सांगायला लागली. झोपेचं, पायात गोळे येतात त्याचं, सकाळी उठताना काय होतं त्याचं. वीस मिनिटं बोलत होती. मी मध्ये एक शब्द बोलले नाही.