नानांनी लाटलेली मॅग्नेशियमची पट्टी

सुवर्ण नियंत्रण कायदा आला आणि माझ्या थोरल्या भावाच्या, नानांच्या हातातलं काम गेलं. जळगावात आमचं पिढीजात सोनारकाम. बावीस कॅरटचे दागिने घडवायला बंदी आली. पुढे कायदा सैल झाला, पण तुटलेलं गिऱ्हाईक परतलं नाही. नाना गळक्या स्टोव्हच्या टाक्या डाग देऊन सांधू लागले. सोन्याची पट्टी लाटायचं, हाताने फिरवायचं यंत्र मात्र त्यांनी विकलं नाही.

मी धुळ्याला कॉलेजात शिकवत होतो आणि जमेल तसं पीएच.डी.चं काम करत होतो. विषय मॅग्नेशियमच्या मिश्रधातूंचा. हा धातू हलका, पण थंड असताना दाबला की तडकतो. मात्र आतले कण पुरेसे बारीक केले आणि तो गरम ठेवून अगदी सावकाश ओढला, तर न तुटता मूळ लांबीच्या कितीतरी पट लांबतो, असं परदेशातले संशोधक लिहू लागले होते. कण बारीक करायचे तर तापवून लाटायचं, पुन्हा तापवायचं, पुन्हा लाटायचं. कॉलेजात तसं यंत्र नव्हतं. सुटीत मी तुकडे घेऊन जळगावला गेलो.

पहिला तुकडा नानांनी उत्साहाच्या भरात न तापवताच यंत्राच्या दोन रुळांत घातला. कडेपासून तडे गेले.

"हाई धातू शे का खडू?" ते म्हणाले. घरात ते अहिराणीच बोलत.

"तापवावा लागेल, नाना. आणि पेटला तर पाणी टाकायचं नाही, कोरडी वाळूच."

वहिनींनी वाळूची बादली आणून ठेवली. शेगडीवर लोखंडी डबीत पट्टी तापायची. नाना ती चिमट्याने उचलून रुळांतून काढत आणि गार व्हायच्या आत परत डबीत ठेवत. दर वेळी दाब जेमतेम केसभर वाढवत. शेजारच्या मारवाडी दुकानदाराने डोकावून विचारलं, "सोनं आलं का, नाना?"

"सोनाथून भारी माल शे!" नाना म्हणाले आणि हसता हसता त्यांना ढास लागली.

ती ढास पुढे थांबेना. कोळशाच्या आणि तेजाबाच्या धुराने त्यांची छाती आधीच पोखरली होती. डॉक्टरांनी शेगडीपाशी बसू नका म्हणून बजावलं. मी सामान आवरायला घेतलं, तेव्हा ते चिडले. "आते कोठे काम सापडनं, आन् तू बंद करस?"

थोड्याच दिवसांत त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं.

धुळ्याला मी त्यांची एक पट्टी उभ्या भट्टीत टांगली आणि खाली वजन अडकवलं. वजन दिवसभर हळूहळू खाली येत राहिलं. शेवटी ते तळाला टेकलं, तरी पट्टी तुटली नव्हती. ती कागदात गुंडाळून मी जळगावची बस धरली.

दवाखान्याच्या खाटेवर नानांनी चष्मा मागितला. पट्टीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. सोन्याची तार ओढताना कमजोर जागी आधी बारीक होते आणि तिथेच तुटते, हे त्यांच्या हाताला माहीत होतं. "हाई कोठेच बारीक नही व्हयनी?"

"नाही. सगळीकडून सारखीच ओढली गेली. आतले बारीक कण एकमेकांवरून सरकतात."

"बठ्ठा कण मीच बारीक कयात?"

"सगळे तुम्हीच, नाना."

ते वहिनींकडे बघून हसले. घरी गेलो की आणखी पातळ काढू, असं त्यांचं कितीतरी वेळ चाललं होतं.

नाना घरी आले नाहीत. तेराव्यानंतर वहिनी यावलला माहेरी गेल्या. पुढच्या पट्ट्या मी पुण्याच्या मोठ्या यंत्रावर लाटल्या. त्याही चांगल्या लांबल्या. पदवी मिळाली, तेव्हा पेढे घेऊन यावलला गेलो. वहिनी शिलाई मशीनवर बसल्या होत्या. पेढा त्यांनी नुसताच हातात धरून ठेवला.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुमचं ते काम चालू होतं ना, तेवढेच दिवस ते पोटभर जेवायचे."

बसला वेळ होता, तरी मी उठलो.