मामा तलावातले मामा

पत्रावर तीन शिक्के होते आणि तीनपैकी एकही धड उमटलेला नव्हता. 'आंतरराष्ट्रीय मामा तलाव नौकानयन स्पर्धा, जिल्हा भंडारा' अशा ठळक मथळ्याखाली मला तांत्रिक पंच म्हणून येण्याची विनंती केली होती. मी नाशिकची, शाळेतून निवृत्त झालेली पी.टी.ची बाई. धरणाच्या पाण्यावर पोरापोरींच्या शर्यतींना शिट्ट्या फुंकण्यात माझी हयात गेली. 'आंतरराष्ट्रीय' म्हणून आजवर मला कुणी बोलावलं नव्हतं. हुरळले, खोटं कशाला बोलू?

गाडीत बसल्यापासून मी एकच विचार करत होते, की हे मामा कोण? कुणीतरी दानशूर गृहस्थ असावेत, गावासाठी तलाव खोदून घेतलेले. मी तर त्यांच्याविषयी दोन आदराची वाक्यंही मनात जुळवून ठेवली.

वरठीला, म्हणजे भंडारा रोड स्टेशनावर, सकाळी उतरले. पोलादाच्या कारखान्याची पाळी सुटत होती. डबे अडकवलेल्या सायकली आणि मोटरसायकलींच्या गर्दीत माझ्या नावाची पाटी धरून एक हसऱ्या तोंडाचा माणूस उभा होता. हा बंडूभाऊ, समितीच्या जीपचा चालक. त्याने आधी मला टपरीवर नेऊन तर्री-पोहे खायला घातले. तर्री म्हणजे हरभऱ्याचा लालभडक रस्सा. दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि बंडूभाऊने कौतुकाने आणखी एक पळी ओतली.

"बंडूभाऊ, हे मामा कोण होते हो?" मी नाक पुसत विचारलं.

तो इतका हसला की त्याच्या हातातला चहा हिंदकळला. "मॅडम, मामा म्हंजे माजी मालगुजारी! जुने मालगुजार होते ना, जमीनदार, त्याहीनं खोदलेले तरे. (तरा म्हणजे तलाव.) सरकारी कागदावर 'मा. मा. तलाव' लिवतेत. लोकं म्हनते मामा तलाव. मामा-बिमा कोनी नाही."

आदराची दोन वाक्यं मी पोह्यांबरोबर गिळून टाकली. म्हटलं, नाशिकच्या बाईला नाही कळलं, इथल्या कचेरीला तर माहीतच असणार.

लाखांदूरच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना कापणीला आलेलं धान. समोरून येणारी एस.टी. तट्ट भरलेली. आम्हाला जायचं होतं ते लाखांदूर नव्हे, अलीकडे आत वळलं की लागणारं एक गाव. त्याचं नाव मी सांगणार नाही, स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेचंही नाही. त्यांनी मला शाल दिली आहे, तिची लाज राखायला हवी.

गावाच्या वेशीवर जीप थांबली आणि मी कपाळाला हात लावला. हा मोठा फ्लेक्स! वर ओळीने पुढाऱ्यांचे फोटो, आणि खाली मधोमध फेटा बांधलेले, झुपकेदार मिशांचे एक गृहस्थ होडीत बसून हात जोडतायत. त्यांच्या पायाशी लिहिलं होतं : 'मामांच्या तलावात आपले सहर्ष स्वागत!'

"मुंबईच्या कंपनीनं छापलं," बंडूभाऊ म्हणाला. "इंग्रजी पुस्तकातही हायेत मामा. 'अंकल्स लेक' लिवलं हाय. आता आमच्या इथल्या म्हाताऱ्या जाता-येता नमस्कार करून राहिल्या त्याले."

समितीचे सचिव ढोमणे मंडपात भेटले. गळ्यात तीन बिल्ले, दोन्ही कानांना दोन फोन. मी त्यांना मामांबद्दल छेडलं, तर त्यांनी आवाज खाली आणला. "मॅडम, मले माहीत आहे ना. पण प्रस्तावात मामा गेले, मंजुरी मामांवर आली, प्रमुख पाहुण्यांच्या भाषणात मामा आहेत. आता मामांले काढता येत नाही."

स्पर्धेसाठी स्वागत समिती होती, मंडप समिती होती, शाल-श्रीफळ समिती होती, रांगोळी समितीसुद्धा होती. होड्यांसाठी कुठली समिती आहे म्हटल्यावर ढोमणे म्हणाले की ते काम मंडप समितीच पाहते आहे. पाच देशांचे खेळाडू यायचे होते. प्रत्यक्षात पोलंडची एक मुलगी आली होती, आग्न्येश्का. ती खरं तर वाघ बघायला आलेली. जंगलाच्या फाटकावर समितीच्या माणसांनी तिला गाठलं आणि बोलण्याबोलण्यात कळलं की ती लहानपणापासून कयाक (एकट्याने वल्हवायची निमुळती होडी) चालवते. बस्स, स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली! तिचं नाव कुणाला घेता येईना, म्हणून गावाने तिला अग्नीबाई करून टाकलं. मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारी, पण मोठी गोड पोरगी.

दुपारी मी शर्यतीचा मार्ग बघायला पाण्यावर गेले. तलाव काय देखणा! बांधावर (इथे त्याला पारी म्हणतात) मोहाची झाडं, पलीकडे कमळं, आणि मंडपासमोरच्या अर्ध्या पाण्यावर हिरवागार गालिचा पसरलेला. त्या हिरव्यात एक बाई डोंग्यात (झाडाचं खोड कोरून केलेल्या होडीत) बसून वेल उलटत होती आणि खालून काहीतरी खुडून टोपलीत टाकत होती.

"ओ मामी!" बंडूभाऊने हाक मारली. "या पंचबाई आल्या. पानी दाखवा यायले."

नाव रायवंताबाई, ढिवराची, म्हणजे मासेमारांच्या घरची, पण अख्खं गाव तिला मामी म्हणतं. साठीची, सडसडीत, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. तिने डोंगा काठाला लावला. मी मोठ्या ऐटीत पाय ठेवला आणि डोंगा असा काही कलंडला की मी गुडघाभर चिखलात बसले. हयातभर होड्यांच्या शर्यतींना शिट्ट्या फुंकल्या, त्याचं हे फळ.

"मधात बसा बाई, काठावर काहून बसता?" मामी हसू दाबत म्हणाली.

ती शिंगाडा तोडत होती. मासेमारांच्या सोसायटीकडून तिच्याकडे आलेली ही वाडी, म्हणजे शिंगाड्याचं पाण्यातलं शेत. वेलीचं रोप लावल्यापासून तिने पोरासारखं जपलेलं. दोन तोडे झाले होते, दोन बाकी होते. तिने एक हिरवा, काटेरी शिंगाडा सोलून माझ्या हातावर ठेवला. आतला पांढरा गर दुधासारखा गोड.

मग तिने मान मंडपाकडे वळवली. मंडपाच्या बाजूला, नव्या नवरदेवासारखं झेंडूच्या माळा घातलेलं एक भलंमोठं पोकलेन यंत्र उभं होतं.

"उद्या पाहुन्याच्या हातानं नारळ फोडतेत अना ते मशीन पान्यात घालतेत," मामी म्हणाली. "म्हने, तुयी जलपर्नी काढून टाकतो. आवो, जलपर्नी काय? हे मायं पीक हाय. मी दोनदा जाऊन सांगतलं. साहेब म्हनते, कागदावर जलपर्नीच हाय." तिने हातातला वेल पुन्हा पाण्यात सोडला. "दोन तोडे गेले तं वर्षभर मी का करू?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तलावाची दुसरी बाजू मोकळी, खोल, सरळ. पाचशे मीटरचा मार्ग तिथे आरामात बसत होता. मी तडक ढोमण्यांकडे गेले.

"मार्ग पलीकडून घ्या. तिकडे काहीही काढावं लागत नाही."

"पण मॅडम, मंडप इकडे आहे. सोफे लागले, गालिचे अंथरले. पलीकडे शर्यत झाली तर पाहुण्यांले दिसणार काय?"

"मग मंडप हलवा."

"मंडपाचं तोंड पूर्वेला आहे, मॅडम. वास्तूवाल्यांनी सांगितलेलं."

"अहो, ते पीक आहे!"

"आहे ना, मले दिसते. पण सर्वेक्षणात 'तलावात हिरवी वनस्पती' आलं, मुंबईले त्याची जलपर्णी झाली, अन् निर्मूलनाचा शुभारंभ कार्यक्रमपत्रिकेत छापून आला." त्यांनी मला पत्रिका दाखवली. खरोखरच छापलेलं होतं. सरकारी पत्रिकेपुढे मी हात टेकले. पण त्या रात्रीचं जेवण काही मला गोड लागलं नाही.

सकाळी मंडप खच्चून भरला. सनई वाजली, प्रमुख पाहुणे आले, स्वागतावर स्वागतं झाली. मामी काठावर डोंग्याजवळ उभी होती, लुगड्याचा काचा मारून. शिंगाड्यावरून तिची नजर हलत नव्हती. यंत्रचालकाने अगरबत्ती लावली.

मग परदेशी खेळाडूच्या मनोगतासाठी आग्न्येश्काला बोलावलं आणि दुभाषी म्हणून मला. ती 'अंकल्स लेक'वालं पुस्तक हातात धरूनच उठली. म्हणाली, माझ्या गावीही तळी आहेत. आमच्याकडे दुसऱ्याच्या तळ्यात होडी घालण्याआधी मालकाला विचारायची पद्धत आहे. मला या अंकलना भेटून परवानगी घ्यायची आहे. ते कुठे आहेत?

मी पंच आहे. शब्दाला शब्द भाषांतर केलं, एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही.

"वा!" प्रमुख पाहुणे भारावून म्हणाले. "काय संस्कार आहेत! बरोबर आहे, मामा कुठे आहेत? सत्काराच्या यादीत त्यांचं नाव मी वाचलं आहे."

ढोमण्यांची अशी पाचावर धारण बसली की बिचाऱ्यांचे दोन्ही फोन एकदम वाजत होते आणि त्यांना ऐकू येत नव्हते. मामा नाहीत म्हणावं, तर फ्लेक्स, पुस्तक, प्रस्ताव, मंजुरी सगळंच बुडतं. घाम पुसत ते माइकवर म्हणाले, "मामा... मामांचं दुःखद निधन झालेलं आहे."

मंडपात चुकचुकाट झाला. पाहुण्यांनी दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहायला लावली. एका मालगुजारी पद्धतीला सगळ्यांनी माना खाली घालून श्रद्धांजली वाहिली, असा प्रसंग माझ्या पाहण्यात दुसरा नाही!

"मग त्यांच्या मागे कोण?" पाहुण्यांनी हळहळत विचारलं.

ढोमणे पुन्हा घाम पुसू लागले. तेवढ्यात मागून बंडूभाऊचा आवाज आला, "मामी हायेत ना!"

"मामी! मामी!" सगळा मंडप ओरडायला लागला. खोटं कुणीच बोलत नव्हतं, गावाची ती मामीच होती. दोन बायांनी तिला धरून वर आणलं. ओल्या लुगड्यातून गालिच्यावर पाणी ठिबकत होतं. शाल-श्रीफळ समितीने तिच्या अंगावर शाल घातली आणि पाहुणे स्वतः माइकवर म्हणाले, "या तलावाच्या मालकीण, आदरणीय मामी!"

आग्न्येश्काने वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "मी तुमच्या तलावात होडी घालू का? कुठून जाऊ?"

मी मराठीत सांगितलं. मामीने एकदा यंत्राकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. तिला सगळं कळलं.

"घाल ना बाई, काहून नाही?" ती माइकमध्ये खणखणीत बोलली. "पन तिकून जा. इकून माहा शिंगाडा हाय. त्याच्यात कोनी काही घालू नका. मशीन तं बिलकूलच नका घालू."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. "मामींच्या इच्छेचा मान राखलाच पाहिजे!" झालं. फुटायचा नारळ यंत्राच्या चालकाने घरी नेला आणि झेंडूच्या माळांसकट पोकलेन आल्या वाटेने परत गेलं.

शर्यत पलीकडच्या काठाला झाली. मंडपातल्या मान्यवरांना आग्न्येश्काची टोपी आणि गावच्या तीन डोंग्यांचे ठिपके एवढंच दिसलं. तरी भाषणं पाण्याकडे बोट दाखवूनच झाली. आग्न्येश्का पहिली आली आणि मामीच्या पुतण्याचा डोंगा तिच्या पाठोपाठ, जेमतेम हातभर मागे. अंतिम रेषेवर मी एकटीच होते, गुडघाभर पाण्यात.

निघताना मामीने शिंगाड्याची पिशवी हातात दिली. "बाई, आता मी मालकीन झाली, तं तसा कागद भेटन का?"

मी ढोमण्यांना विचारलं. ते हसले. "अहो मॅडम, ते स्टेजपुरतं होतं! जलपर्णीचा आदेश तर कायमच आहे. पाहुणे गेले की पुढच्या आठवड्यात मशीन बोलावतो."

मला संताप आला. मग आठवलं की पंचाचा निकालपत्रक म्हणून एक कागद असतो आणि त्यात 'मार्गाविषयी शेरा' असा रकाना असतो. मी बसले आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं : 'तलावाच्या मंडपाकडील भागात श्रीमती रायवंताबाई यांचे शिंगाड्याचे उभे पीक असल्यामुळे, प्रमुख पाहुण्यांच्या सूचनेवरून, स्पर्धा पलीकडील भागात घेण्यात आली.' खाली माझी सही केली. दोन प्रती केल्या. ढोमण्यांनी न वाचता दोन्हींवर तीन-तीन शिक्के मारले. फिकट उमटले. मी म्हटलं, "ढोमणेसाहेब, आंतरराष्ट्रीय कागद आहे, नीट मारा." त्यांनी पॅडवर शाई ओतली आणि पुन्हा मारले. एक प्रत मी मामीला दिली आणि वरठीची जीप गाठली.

घरी आले त्याला पंधरा दिवस होत नाहीत तोच समितीचा अहवाल पोस्टाने आला. गुळगुळीत कागद, त्यात माझा शाल घेतानाचा फोटो, आणि खाली वाक्य : 'तलावातील जलपर्णीचे यशस्वी निर्मूलन करण्यात आले.' माझ्या पाठीमागे फोटोभर हिरवा शिंगाडा दिसत होता. मी अहवाल भिरकावला आणि बंडूभाऊला फोन लावला.

"आलं होतं ना मशीन," तो म्हणाला. "मामी कागद घेऊन आडवी झाली. डायवरले काही वाचता येत नव्हतं. पन तो शिक्के पाहूनच वापस गेला. म्हने, एवढे साफ शिक्के असलेला कागद म्या कधी पाह्यलाच नाही."

"आणि शिंगाडा?"

"दोन्ही तोडे झाले. वाळून राहिला तलावाच्या पारीवर, मामाच्या फ्लेक्सवर."