टाकीखालची पोकळी

गावाजवळच्या उंचवट्यावर पाण्याच्या टाकीसाठी चुन्याचा गोल आखून झाला होता. ‘जागा सुरक्षित’ असा अहवाल मी सही करून दिला होता. जेसीबी दुसऱ्या दिवशी येणार होती. तेवढ्यात शेजारच्या शेताचे मालक शिवलालजी बांधावरून आले.

"साहेबजी, माह्या चार बांध्या पाणी धरत नाहीत. काऊन जी?"

बांधी म्हणजे बांध घातलेला धानाचा तुकडा. "जमीन मुरमाड असेल," मी म्हणालो.

"मंग बाजूची माही पाचवी कायले धरते?"

मी चिडून नकाशा गुंडाळला.

देवरीच्या पुढचं हे गाव तांब्याच्या बंद खाणीला लागून आहे. तांब्याची शीर जाते त्या दिशेनं बोगदा नेतात आणि शिरेतला दगड काढला की वर मोठी पोकळी उरते. तिला स्टोप म्हणतात. साऱ्या गावाच्या पिण्याच्या पाण्याची टाकी अशा पोकळीवर बसली, तर एक दिवस घरांवरच कोसळायची. ते तपासायलाच मला बोलावलं होतं.

बोगद्यात साठ मीटरवर पाणी भरलेलं, पुढं जाता येईना. म्हणून मी होकायंत्रानं दिशा घेतली. ती खाणीच्या जुन्या नकाशाशी तंतोतंत जुळली. मी खूश झालो. नकाशाप्रमाणे पोकळी टाकीपासून बरीच लांब होती.

पण रात्री शिवलालजींचा प्रश्न डोक्यातून जाईना: त्या चार बांध्यांचं पाणी खालच्या पोकळीत तर जात नसेल? इथल्या तांब्याच्या दगडात चुंबकी खनिजही असतं. ते सुईला ओढतं. हे मी खाणी मोजण्याच्या नोकरीत ज्युनिअरना कायम सांगत आलो. जुना नकाशाही होकायंत्रानंच काढलेला. म्हणजे तो चुकला तसाच मी चुकलो, आणि दोन चुका जुळल्या म्हणून सही ठोकली!

सकाळी होकायंत्र गाडीत ठेवलं. बोगदा सरळ होता. आत पाण्याच्या काठाशी एक दिवा ठेवला, तोंडाशी दुसरा, आणि त्याच रेषेत तोंडासमोरून बोगद्यावरच्या जमिनीपर्यंत काठ्या रोवत गेलो. शिवलालजी काठ्या धरत होते. रेषा त्यांच्या चारही बांध्यांवरून गेली आणि थेट चुन्याच्या गोलात शिरली.

टाकी बांधणारे गोंदियाचे इंजिनिअर वैतागले. "सर, आपने तो साइन कर दिया है ना? जेसीबी उभी आहे."

"सही चुकली. आधी इथं भोक पाडा."

ड्रिल मशीन आली. अकरा मीटरवर रॉड एकदम खाली गेला आणि भोकातून थंड हवा यायला लागली. इंजिनिअर गोलाबाहेर जाऊन उभे राहिले.

आता टाकी कुठं? त्या उंचवट्यावर ठोस जमीन एकच निघाली, शिवलालजींची पाणी धरणारी बांधी. त्यांचं पोटापुरतं धान तिथंच व्हायचं. मला विचारायचा धीर होईना.

ते त्यांनीच ओळखलं आणि त्या बांधीच्या कडेनं एक फेरी मारून आले. मग म्हणाले, "घ्या जी. पण यावेळी खालून बराबर पाहून घ्या."

तीन भोकं पाडली, तिन्ही ठोस. टाकी तिथंच उभी राहिली.

पहिला अहवाल परत घेताना पुन्हा वाचला. माहिती कुठून घेतली त्याची लांबलचक यादी शेवटी होती. नकाशे होते, यंत्रं होती, नोंदवह्या होत्या. जमीन कसणाऱ्या एकाही माणसाचं नाव नव्हतं.